आधी आक्षेप, मग पुस्तक

‘मूळ पुस्तक वाचायचं सोडून त्यावरच्या चर्चा काय वाचत बसता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कुणी खऱ्या कुतूहलाने विचारतं, तर कुणाच्या सुरात गाइडवरून अभ्यास करणाऱ्या पोराबद्दल असतो तसा हलका तिरस्कार असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगते.

कसल्या चर्चा, ते आधी. राजकीय सिद्धान्त किंवा तत्त्वज्ञानातलं एखादं वजनदार पुस्तक आलं, की काही काळाने एखादं नियतकालिक त्यावर परिसंवाद छापतं. लेखक सुरुवातीला थोडक्यात आपलं म्हणणं मांडतो, मग तीन-चार अभ्यासक त्याला धारेवर धरतात आणि शेवटी लेखक उत्तर देतो. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या अधिवेशनांत हेच समोरासमोर चालतं, त्या सत्रांना ‘ऑथर मीट्स क्रिटिक्स’ असं सरळ नाव आहे. वर्तमानपत्रातलं परीक्षण पुस्तक घ्यावं की नाही ते सांगतं. इथे ते सगळ्यांनी घेतलंय, वाचलंय, समासात खुणा केल्यात असं धरूनच बोलणं सुरू होतं.

मला यात रस का? न्याय्य समाज कसा असावा, याचं उत्तर मोजून किंवा तपासून पाहता येत नाही. कुणीतरी हुशार आणि जरा खवचट माणसाने त्यावर जोर लावून बघायचा आणि तडा कुठे जातो ते पाहायचं, एवढाच उपाय आहे. पुस्तकात लेखक एकटाच बोलत असतो. आक्षेपही तोच निवडतो, त्यामुळे ते बहुधा त्याला परतवता येतील असेच असतात.

उदाहरणादाखल माझी सगळ्यात आवडती चकमक सांगते. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ साली आलं. त्यातलं पहिलं तत्त्व ढोबळमानाने असं : इतरांच्या तितक्याच स्वातंत्र्याला बाध न आणता प्रत्येकाला अधिकाधिक व्यापक मूलभूत स्वातंत्र्य मिळावं. शिवाय आर्थिक फायद्यासाठी त्या स्वातंत्र्याचा सौदा करायचा नाही. वाचताना मान आपोआप डोलते. १९७३ मध्ये एच. एल. ए. हार्ट या कायद्याच्या तत्त्वज्ञाने एका दीर्घ लेखात साधा प्रश्न टाकला : ‘अधिक व्यापक’ म्हणजे मोजायचं कसं?

सभेचे नियम घ्या. नियमच नसले तर सगळे एकदम बोलतील आणि कुणाचंच कुणाला ऐकू येणार नाही. नियम केले तर हवं तेव्हा बोलायची मुभा गेली. मग स्वातंत्र्य वाढलं की घटलं? उदाहरण खुद्द रॉल्स यांचंच, नियमांमुळे स्वातंत्र्य सांभाळलं जातं हे दाखवायला दिलेलं. हार्ट ते उचलतात आणि उलटं करून समोर ठेवतात. नियम हवेतच, पण ते हवेसे वाटतात ते स्वातंत्र्याची बेरीज वाढते म्हणून नव्हे. मनाला येईल तेव्हा तोंड उघडण्यापेक्षा विचारांची देवाणघेवाण मोलाची, असा निवाडा आपण गुपचूप आधीच केलेला असतो. म्हणजे ‘व्यापक’ या शब्दाआड कुठलं स्वातंत्र्य कशासाठी मोलाचं, याचा हिशेब लपलाय आणि तो पुस्तकात मांडलेलाच नाही. हार्ट यांना आणखी एक शंका होती. स्वातंत्र्याला एवढा अग्रक्रम सगळी शहाणी माणसं देतीलच कशावरून? की सार्वजनिक कामात रमणारा नागरिक हा रॉल्स यांचा स्वतःचा आदर्श इथे न बोलता आत शिरलाय?

मी मूळ पुस्तक आधी वाचलं होतं आणि त्या पानांवरून सरळ पुढे गेले होते. यात माझी चूक नाही असं मला अजूनही वाटतं. चांगलं लिहिलेलं पुस्तक वाचकाला थांबू देत नाही.

पुढचा भाग तर आणखी रंगतदार आहे. १९८१ मध्ये मिशिगन विद्यापीठात दिलेल्या टॅनर व्याख्यानात रॉल्स यांनी मान्य केलं की हार्ट यांनी दाखवलेल्या फटी खऱ्याच आहेत. ‘अधिकाधिक व्यापक’ ही भाषा त्यांनी सोडली आणि मूलभूत स्वातंत्र्यांची ‘पुरेपूर पर्याप्त व्यवस्था’ असं म्हणायला सुरुवात केली. ही स्वातंत्र्यं नागरिकाच्या कोणत्या क्षमतांसाठी लागतात तेही उघडपणे मांडलं. ते व्याख्यान पुढे १९९३ च्या ‘पोलिटिकल लिबरलिझम’मध्ये आलं. आता तुम्हीच सांगा, फक्त १९७१ चं पुस्तक वाचणाऱ्याने रॉल्स वाचले असं म्हणायचं का?

म्हणून चर्चा वाचताना माझं लक्ष कोण जिंकलं याकडे नसतं. लेखक कुठे मागे सरतो आणि कुठे काही केल्या सरत नाही, ते मी बघते. पुस्तकात सगळी विधानं सारख्याच ठामपणे उभी असतात. त्यातलं कुठलं विधान लेखक दबाव आल्यावर हसत सोडून देईल आणि कुठल्यासाठी जिवावर उदार होईल, हे उत्तर द्यायची वेळ आल्याशिवाय कळत नाही.

आणि ही काही अलीकडची विद्यापीठीय टूम नव्हे. १६४१ मध्ये देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं ‘मेडिटेशन्स’ छापलं गेलं, तेच आक्षेपांचे सहा संच आणि त्यांची उत्तरं सोबत घेऊन. हस्तलिखित आधीच फिरवलेलं होतं; फिरवणाऱ्यांत मर्सेन हे पाद्री पुढे होते. तिसऱ्या संचात साक्षात थॉमस हॉब्ज हे इंग्रज तत्त्वज्ञ आहेत. त्यांना दिलेली उत्तरं इतकी तुटक आहेत की देकार्त यांचा चेहरा दिसतो. चौथ्या संचात आंत्वान आर्नो हे तरुण धर्मशास्त्री नेमकं दुखरं ठिकाण दाबतात : स्पष्टपणे जाणवतं ते खरं, कारण ईश्वर आहे, आणि ईश्वर आहे, कारण ते स्पष्टपणे जाणवतं. हे गोल फिरणं नव्हे काय? त्यांना मात्र देकार्त सविस्तर आणि आदराने उत्तर देतात. उत्तर पटतं की नाही, यावर तत्त्वज्ञानाच्या वर्गांत अजून भांडणं होतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या वाट्याला असा सभ्यपणा आला नाही. ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’वर १७८२ मध्ये ग्योटिंगेनच्या नियतकालिकात निनावी परीक्षण आलं. ते वाचून कांट खवळले आणि पुढच्याच वर्षी ‘प्रोलेगोमेना’ला जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी त्या परीक्षकाला स्वतःचं नाव सांगून पुढे यायचं आव्हान दिलं. क्रिस्टियान गार्व्हे यांनी पत्र लिहून कबुली दिली. मूळ लेख आपला, पण संपादक फेडर यांनी त्यात बरीच काटछाट आणि भर घातली, असं त्यांचं म्हणणं होतं. संपादकांबद्दलची ही तक्रार आजही ओळखीची वाटेल.

सगळ्याच चर्चा अशा नसतात, हेही कबूल करायला हवं. पुष्कळशा कंटाळवाण्या असतात. पहिल्या परिच्छेदात ‘महत्त्वाचं योगदान’ म्हणायचं आणि दुसऱ्यापासून स्वतःच्या आगामी पुस्तकाबद्दल बोलायचं, हा एक प्रकार. दुसरा म्हणजे लेखकाने भलतंच पुस्तक लिहायला हवं होतं, ही तक्रार. लेखकही काही कमी नसतात. ‘माझं म्हणणं नीट समजून घेतलं गेलेलं नाही’ असं उत्तरात तीनदा दिसलं, की मी पान उलटते.

पुस्तकाला पर्याय म्हणून मात्र मी चर्चा वाचत नाही. आधी लेखकाचं छोटं निवेदन, मग सगळ्यात कडक टीकाकार, मग त्याने बोट ठेवलेलं पुस्तकातलं प्रकरण. टीकाकारानेही अन्याय केलेला असू शकतो आणि तो मूळ मजकूर समोर असल्याशिवाय पकडता येत नाही. उरलेलं पुस्तक त्यानंतर, सावकाश.

सुरुवात कुठून करू, असं पुढे विचारणार असाल तर डॉ. आंबेडकरांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची १९३७ सालची दुसरी आवृत्ती घ्या. हे मुळात लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं भाषण. मंडळाने परिषदच रद्द केली, म्हणून न झालेलं ते भाषण आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापलं. पहिल्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यावर लिहिलं. किंमत आठ आणे जास्त आहे, दोन किंवा निदान चार आणे ठेवा, अशी सूचनाही केली. गंभीर आक्षेप घेता येतात म्हणूनच हे भाषण वाचायला हवं, असंही म्हटलं. धर्म त्याच्या सर्वांत वाईट नमुन्यांवरून नव्हे, तर सर्वोत्तम माणसांवरून पारखावा, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यासाठी त्यांनी ज्ञानदेव, तुकाराम यांच्यासारखी नावं घेतली. दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींची टीका परिशिष्टात छापली आणि त्यापुढे आपलं उत्तर. संतांनी जातीविरुद्ध मोहीम कधी चालवलीच नाही, त्यांची आस्था माणूस आणि देव यांच्या नात्याशी होती, माणसामाणसांमधल्या झगड्याशी नव्हती, असं ते म्हणतात, आणि एकनाथांचंही उदाहरण घेतात.

भाषण, टीका, उत्तर, याच क्रमाने वाचा. मधली टीका गाळू नका आणि ती वाचून झाल्यावर लगेच उत्तराकडेही जाऊ नका. गांधींना तुम्ही स्वतः काय उत्तर दिलं असतं ते आधी कागदावर उतरवा. मग पान उलटा.