तुम्ही विचारलंत म्हणून: टायरमध्ये हवा किती?

सायकल कुठेही टेकवून ठेवली की कोणीतरी येऊन टायर अंगठ्याने दाबून बघतंच. मग चेहऱ्यावर काळजी. "हवा उतरलीय हो तुमची." उतरलेली नसते, मीच उतरवलेली असते. त्यावरचा पुढचा प्रश्नही ठरलेला: खडी-मातीच्या रस्त्यांसाठी केलेल्या या ग्रॅव्हल बाईकला मग हवा भरायची तरी किती?

आकडाच हवा असेल तर घ्या. माझं वजन ७२ किलो, टायर ४५ मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नाही. पुढे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ३३. मागे थोडी जास्त, कारण सीटवर बसलेल्या माणसाचा निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर असतो. झालं उत्तर. पण एवढंच ऐकून तुम्ही गेलात तर मला चुकल्यासारखं वाटतं. हा आकडा एका रस्त्याचा आहे, आणि द्राक्षबागांच्या टेकड्या ओलांडून समुद्राला लागायचं म्हटलं तर एका दिवसात निदान तीन रस्ते भेटतात.

मला हे कळलं एड्रियाटिक समुद्रातल्या इस्त्रिया द्वीपकल्पात, आणि तेही दोन्ही पंजे बधिर झाल्यावर. तिथे १९०२ साली एक छोटी रेल्वे सुरू झाली होती, पारेंझाना. त्रिएस्ते ते पोरेच, १२३ किलोमीटर, दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६० मिलिमीटर. १९३५ साली ती बंद पडली. रूळ गेले, बोगदे आणि पूल राहिले, आणि आज त्यांच्यावरून सायकली जातात. इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया असे तीन देश त्या एका वाटेत येतात. आगगाडीसाठी आखलेली वाट असल्यामुळे चढ कुठे अंगावर येत नाही. समोर टेकडी आली की वाट तिला लांबलचक वळसा घालते. स्लोव्हेनियात बराचसा भाग डांबरी आहे. क्रोएशियात शिरलं की खडी सुरू.

सकाळी डांबरावर निघताना मी ५५ भरली होती. रोड बाईकच्या बारीक टायरमध्ये वर्षानुवर्षं शंभर भरत आलेल्या माणसाला ५५ म्हणजे फारच ढिलेपणा वाटतो. ग्रोझ्न्यान मागे पडलं, वाट मिर्ना नदीच्या खोऱ्याकडे उतरू लागली आणि हँडल हातात थरथरायला लागलं. पाण्याची बाटली दोनदा उडून पडली. डोळे खडीवर ठरेनात, सगळं दुहेरी दिसत होतं. मग एका साध्या वळणावर, ब्रेक लावलेला नसताना, पुढचं चाक बाजूला निघून गेलं आणि मी कुल्ल्यावर.

लागलं फारसं नाही. बसल्या बसल्या मात्र टायर नीट बघायला मिळाला. मधल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर पांढरी धूळ होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या रबरी गुठळ्या कोऱ्या, काळ्या, दुकानातून आणल्यासारख्या. म्हणजे ४५ मिलिमीटरचा टायर घेऊन मी सकाळपासून फक्त त्याच्या मधल्या पट्टीवर चालत होतो. व्हॉल्व्ह दाबला, फुस्स करत हवा सोडली, मापून ३२ वर आणली. पुढच्या पाच किलोमीटरांत धूळ कडेच्या गुठळ्यांपर्यंत पोचली होती. तेव्हापासून पीएसआय मोजण्याआधी मी ही धूळ बघतो. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला बऱ्याचदा थापा मारतो, धूळ मारत नाही.

कमी हवेने सायकल जड चालते ही समजूत आपल्या डोक्यात पक्की आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून मोजलं तर जास्त हवेचा टायर कमी ताकदीत फिरतो. पण ड्रमवर दगड नसतात, आणि सायकलवर माणूस बसलेला नसतो. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकलीसकट तुम्हाला उचलतो आणि आपटतो. ते उचलणं पायांच्या ताकदीतूनच होतं. हादरा मांड्यांत, पोटात, खांद्यांत जिरतो आणि तिथेच वाया जातो. मऊ टायर खड्याला पोटात घेतो, माणूस आहे त्या उंचीवर राहतो. खडीवर हिशेब उलटतो तो इथे.

गंमत अशी की टायरमध्ये हवा भरायची कल्पना मुळात वेगासाठी नव्हतीच. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराच्या चाकांचे धक्के बसतात म्हणून त्याने हवेची नळी करून बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. (ते पुढे टिकलं नाही. रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ सालीच तेच करून ठेवलं होतं, ते लोक विसरून गेले होते.) वेगाचा शोध नंतर लागला, १८८९ साली, विल्यम ह्यूम त्या गुबगुबीत टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकला तेव्हा.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, मग इरोइकाचं काय? प्रश्न रास्त आहे. टस्कनीत किआंतीच्या द्राक्षबागांमधून जाणारे पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले गावातून ही सायकलयात्रा सुरू झाली, आणि तिथे सायकली १९८७ किंवा त्याआधीच्याच लागतात. बारीक टायर, गिअरचे दांडे फ्रेमवर, आणि तरीही लोक ते रस्ते पार करतात. करतात, खरं आहे. आपले आजोबाही करत होते. पण संध्याकाळी त्यांना हाताची बोटं मिटता येतात का, ते कोणी विचारत नाही.

टेकडीच्या रस्त्यांवर एक जागा अशी असते की तिथे कुठलाच आकडा पुरा पडत नाही. पन्हळी पत्र्यासारखा झालेला रस्ता. आडव्या लाटा, हातभर अंतराने, ओळीने. गाड्यांच्या स्प्रिंगमुळे त्या होतात असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मग फिरत्या गोल थाळीवर वाळू पसरून तिच्यावर साधं चाक चालवलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं. चाकाला स्प्रिंग नाही, तरी लाटा उठतात. फक्त वेग एका मर्यादेच्या वर हवा. म्हणजे कोरड्या, सुट्या मातीवर कोणीही वेगाने गेलं की ते होणारच. अशा रस्त्यावर मी हवेशी खेळत नाही. अगदी कडेला जिथे गाडीचं चाक जात नाही तिथे हातभर सपाट पट्टी असते, ती पकडतो.

आता उलटी चूक. पहिल्या दिवसाच्या शहाणपणाने मी इतका भारावलो की दुसऱ्या दिवशी २२ वर उतरलो आणि रेल्वेची वाट सोडून विझिनादाच्या बाजूला द्राक्षबागांत शिरलो. रेल्वे आणि द्राक्षबाग यांचा उताराकडे बघण्याचा स्वभाव वेगळा. वेली उतारावर लावतात त्या पाणी निचरून जावं, ऊन तिरकं का होईना भरपूर मिळावं आणि रात्रीची थंड जड हवा वेलींत न साचता खाली वाहून जावी म्हणून. ओळी बऱ्याच ठिकाणी सरळ उताराच्या दिशेने असतात, आणि ट्रॅक्टरची वाट ओळींच्या बाजूने तशीच सरळ खाली. वळसा नाही, नागमोडी नाही. चढ दोनशे मीटर लांबीचाच, पण सर्वांत हलक्या गिअरमध्येही पुढचं चाक उचलू बघतं. पलीकडे लगेच उतार, आणि खाली पुन्हा चढ. दिवसभरात हे वीस वेळा. नकाशावर ही टेकडी काहीच दिसत नाही.

पावसाचं पाणी वाट खाऊ नये म्हणून अशा उतारावर आडवा चर काढतात, कधी त्याच्या कडेला दगड लावतात. तो दगड मला दिसला, तोवर उशीर झाला होता. ठण्ण! टायर पार चेपून रिम थेट दगडावर. ट्यूब असती तर सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडली असती. ट्यूबलेसमध्ये टायरच्या कडेला एक बारीक चीर गेली आणि सीलंटची पांढरी चिळकांडी पोटरीवर उडू लागली, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. आतलं पातळ रबर खरं तर अशी भोकं स्वतः बुजवतं, पण ते दर काही महिन्यांनी नवीन घालावं लागतं, आणि मी शेवटचं कधी घातलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. शेवटी प्लगची चिकट वात दाभणाने चिरेत खुपसली, चीर खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून ठेवलं आणि ओळीच्या टोकाला बसून राहिलो.

बसल्यावर दिसतं, बागेच्या वाटेवर टायरसाठी किती काय पडलेलं असतं. छाटणीच्या काड्या, तिरक्या कापलेल्या, टोकदार. तारेचे बारके तुकडे. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून ग्रॅव्हलची एक मोठी शर्यत होते, २०० मैलांची, आज अनबाउंड म्हणतात तिला. तिथे चकमकीचे दगड टायर कापतात म्हणून सगळे धसका घेऊन असतात. छाटणीच्या हंगामातली द्राक्षबागही काही कमी नाही. आणि पानांवर निळसर डाग दिसले तर ते बोर्डो, मोरचूद आणि चुना. पहिल्यांदा हे मिश्रण म्हणे वाटेकडेच्या वेलींवर मारत, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. तेवढ्याच वेलींना केवडा रोग होत नाही, हे मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्याने ते जाहीर केलं. तेव्हा वाटेवरची द्राक्षं बघायचीच. उतारावर तोंडही मिटलेलं बरं.

तर २२ नाही. माझ्या वजनाला २८ च्या खाली गेलो की दगड रिमला भेटतो. तुमचा आकडा तुमच्या वजनाने आणि टायरच्या रुंदीने बदलेल. वरची मर्यादा टायरवर आणि रिमवर लिहिलेली असते, दोन्हीतली कमी असेल ती पाळा. लाल माती ओली झाली असेल तर मात्र हवेचा विचारच सोडा. टायर आणि फ्रेममधली फट मातीने भरते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते.

किनाऱ्याला उतरलं की सगळं पुन्हा बदलतं. वाट दाबून बसवलेली, मधून मधून डांबर. इथे ३६-३८ चालते. सकाळी गारव्यात भरलेली हवा दुपारी रबर तापल्यावर आपोआपच वाढते. वीस अंशांचा फरक पडला तर ३५ ची ३८ होते, म्हणून मी भर दुपारी घाईने पंप काढत नाही. सुटी वाळू आडवी आली तर उतरून ढकलणं हेच शहाणपण. ओहोटीची ओली वाळू ही वेगळी चीज. तिच्यावर पाऊल टाकलं की भोवतीचं वर्तुळ क्षणभर कोरडं, फिकट दिसतं. दाबामुळे वाळूचे कण एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली हे उलगडून सांगितलं. टायरखालीही अगदी तेच होतं. मऊ टायर घेऊन त्या कडक वाळूवरून जाताना चाकासोबत एक फिकट डाग धावत असतो. मोह होतो, मी करतो, आणि मग तासभर साखळी गोड्या पाण्याने धुतो. जोराच्या फवाऱ्याने मात्र नाही, खारं पाणी बेअरिंगमध्ये आणखी आत जातं. सीटचा दांडा ग्रीस न लावता किनाऱ्यावर नेला तर काही महिन्यांनी तो फ्रेममध्ये असा धरतो की सुटता सुटत नाही.

पोरेचहून उत्तरेकडे निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची आत येते. एड्रियाटिकवर या वायव्येच्या वाऱ्याला माएस्त्राल म्हणतात. तो थेट तोंडावर. सायकल ओढल्यासारखी चालू लागली तशी मला वाटलं, बागेतली हवा तशीच राहिली, टायर मऊ आहे. उतरलो, छोट्या पंपाने दोन्ही चाकांना सहा-सहा पीएसआय चढवले, घामाघूम झालो. पुन्हा बसलो. काडीचा फरक नाही. शांत हवेत ताशी २० ने जाताना जेवढा वारा ढकलतो, त्यात समोरून १५ चा वारा मिसळला की तो तिपटीहून जास्त जोराने ढकलतो. त्यापुढे टायरमधल्या सहा पीएसआयची काय कथा! हँडलचा खालचा भाग धरून वाकलो, थोडं बरं वाटलं, तेही पाठ दुखेपर्यंतच. सकाळी निघालो असतो तर हा वारा उठलाच नसता. पंप पिशवीत टाकला, सायकल वळवली आणि पाय न मारताच पोरेचकडे परत निघालो.