इन्फ्रारेडमधलं चांदणं

आजचं काम एकच. भर उन्हात ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरने, म्हणजे मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशच आत सोडणाऱ्या काचेतून, घेतलेल्या फोटोत चांदणं उतरवायचं. चौकटीत एक झाड, त्याची लांब सावली आणि मागे निरभ्र आकाश.

असा फोटो हातात आला की आधी निळा रंग ओतायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. चांदणं खरं तर पानांत आणि सावल्यांत असतं.

आकाशाला फार काही करावं लागत नाही. इन्फ्रारेड किरण हवेत फार कमी विखुरतात, म्हणून निळं आकाश मुळातच काळपट येतं. सावल्यांनाही आकाशाचा उजेड मिळत नाही, त्या गडदच राहतात. अर्धी रात्र कॅमेऱ्यानेच करून दिलेली असते. अडतं ते पानांपाशी. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात आणि झाड बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं. नुसतं एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) उतरवलं तर तेच झाड मळकट राखाडी होतं; ना धड दिवस, ना रात्र.

म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) १६ बिटमध्ये उघडून आधी कृष्णधवल केली आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर, घेतलं. मग कर्व्हचा (गडद-उजळ छटा बदलणाऱ्या आलेखाचा) मधला भाग दाबला, वरचं टोक तसंच ठेवलं. झाडासाठी वेगळा मास्क (बदल तेवढ्याच भागाला लागू करणारी निवड) करून सावलीकडची पानं आणखी दीड स्टॉप खाली. उजेडाकडच्या पानांच्या कडा मात्र २५५ पैकी १८०च्या आसपास (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) राहू दिल्या. झाडाचा घेर अंधारात विरला आणि बाहेरच्या पानांवर तेवढी चंदेरी रेघ उरली. इथेच फोटोत रात्र झाली.

मास्कची कडा मऊ ठेवायची, पण फार नाही. जास्त पसरली की पानं आणि आकाश यांच्यामध्ये उजळ किनार दिसू लागते.

आता निळा. प्रत्यक्षात चांदणं सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळसरच असतं. मंद उजेडात डोळ्यांच्या दंडपेशी काम करतात, त्यांना निळा-हिरवा जास्त जाणवतो आणि लाल जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे चांदणं निळसर भासतं. म्हणून रंगछटा २२० अंशांवर (रंगचक्रावरचा निळा), सॅच्युरेशन (रंगाचा जोर) सावल्यांत १० ते १२, उजळ भागात ३-४. त्यापुढे गेलं की चांदण्याऐवजी निळा कागद लावल्यासारखं दिसतं.

अंधार वाढवला की लपलेले दोष वर येतात. काही लेन्सना इन्फ्रारेडमध्ये मधोमध उजळ डाग येतो, छिद्र लहान केल्यावर जास्तच. तो कर्व्हच्या आधी गोल मास्कने उतरवायचा. आकाशात पट्टे दिसले तर थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाकायचा.

चंद्र जोडायचा मोह या फोटोत टाळला. उजेड बाजूने आहे आणि सावली आडवी पडली आहे. चंद्र चौकटीत असता तर सावल्या आपल्याकडे आल्या असत्या. शिवाय आकाशात चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिमी लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंदी धरली तर तो ३५ पिक्सेलच्या आसपास भरतो. थाळीएवढा चंद्र चिकटवला की सगळी मेहनत वाया.

छपाईसाठी अर्धा स्टॉप उजळ अशी वेगळी प्रत काढून ठेवली. पडद्यावर जेमतेम दिसणारं खोड कागदावर पूर्ण काळं होतं.