सहा केळ्यांचं काय करायचं?

"अगं आई, पण ६ दिलेत ना गणितात! मग ते वापरायला नकोत?"

शाब्दिक उदाहरण साधं होतं. सुमनताईंनी सकाळी ८ वाजता ६० रुपये डझनाने ३ डझन केळी घेतली, त्यातली ६ केळी मुलांना दिली. तर त्यांनी फळवाल्याला किती रुपये दिले?

लेकीने साठ त्रिक एकशे ऐंशी केलं आणि शांतपणे त्यातून ६ वजा केले. १७४ रुपये. रुपयांतून केळी वजा! ८ मात्र सोडून दिले, कारण "ती वेळ आहे, ती गणितात नसते."

मी हसले खरी, पण ते "दिलेत ना" डोक्यातून जाईना. ताटात वाढलंय म्हणजे संपवायचंच, असं आपणच शिकवलंय की!

फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बऱ्याच मुलांनी बिनदिक्कत ३६ सांगितलं. आकडे दिसले की बेरीज. त्यात 'एकूण' शब्द आला, की मग विचारायलाच नको.

शेवटी मी वही मिटली. म्हटलं, आकडे सोड, नुसती गोष्ट सांग.

"बाई बाजारात गेली, केळी घेतली, पैसे दिले..." ती थांबली. "मग मुलांनी खाल्ली काय नि माकडाने नेली काय, पैसे तेवढेच की!"

तुमच्याकडे कसं समजावता हे?