मागून दिसतोय का आपण?

मोटारसायकल चालवताना समोरचं सगळं दिसतं, आरशात मागचंही थोडंफार दिसतं. फक्त स्वतःच्या गाडीची मागची बाजू कधीच दिसत नाही. हेडलाईट गेला तर दहा पावलांत कळतं, टेल लाईट गेलेला महिना महिना कळत नाही. कापसाच्या हंगामात सव्वासहालाच अंधार पडतो. विदर्भात हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडे कापसाच्या ट्रॉल्या, बैलबंड्या, ट्रक आणि आपण असे सगळे एकाच डांबरावर असतो. मागच्या ट्रकवाल्याला आपल्या गाडीचा तेवढा एक लाल ठिपकाच आधार असतो, म्हणून तपासणी मागूनच सुरू करावी.

100-125 सीसीच्या बहुतेक जुन्या गाड्यांना मागे 12 व्होल्टचा 21/5 वॅटचा बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा असतात. 5 वॅटची तार सतत पेटते आणि 21 वॅटची ब्रेक दाबल्यावर. खड्ड्यांच्या दणक्याने आधी तुटते ती बारीक 5 वॅटची तार, आणि फसगत होते ती इथेच. दुकानासमोर कोणीतरी ब्रेक दाबून बघतो, मागे लाल उजेड पडतो आणि "चालू हाय भाऊ" म्हणून विषय संपतो. ब्रेक न दाबता गाडी मागून पूर्ण काळी असते, हे कोणी बघतच नाही. रात्री गाडीची मागची बाजू भिंतीपासून हातभर अंतरावर उभी करा आणि इंजिन चालू ठेवून बघा. ब्रेक न दाबता भिंतीवर फिकट लाल उजेड दिसला पाहिजे, दाबल्यावर तो ठळकपणे वाढला पाहिजे. इंजिन चालू ठेवायचं, कारण बऱ्याच गाड्यांत नुसती किल्ली फिरवून टेल लाईट लागत नाही, ब्रेक लाईट मात्र लागतो.

बल्ब बदलताना त्याच्या बुडाच्या दोन खिळ्या बघा. त्या एका उंचीवर नसतात, मुद्दामच वरखाली असतात. उलटा बल्ब जोर लावून बसवला की तारांची अदलाबदल होते. मग मागे सतत मोठा लाईट जळतो, ब्रेक दाबला तरी फरक पडत नाही आणि मागच्याला आपण थांबतोय हे कळत नाही. नवा बल्बही लुकलुकत असेल तर होल्डरमध्ये कार्बन धरलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने टोकं घासा, आतली स्प्रिंग बल्बला नीट वर ढकलते का बघा आणि अर्थची वायर घट्ट करा.

लाईट चांगला असला तरी काच झाकलेली असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकावरून उडून टेल लाईटच्या काचेवर बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. वणी, घुग्गुसच्या बाजूला कोळशाच्या ट्रकमागून रोज जाणाऱ्यांच्या काचेवर तेच काम धूळ करते. डिक्कीत एक ओला फडका ठेवा आणि वावरातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी काच, नंबर प्लेट आणि मागचे इंडिकेटर पुसा. उन्हाने काच फिकट गुलाबी पडली असेल तर ती बदलायचीच.

मागच्या सीटवर कुटाराचं गाठोडं, खताची बॅग किंवा फवारणीचा पंप बांधला की त्याचा लटकणारा कोपरा नेमका टेल लाईटवर येतो. बांधून झालं की दहा पावलं मागे जाऊन बघा. ओझ्याने मागचा भाग दबून हेडलाईट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो, हेही लक्षात असू द्या.

आता रेडियम. गावात आपण प्रत्येक चमकत्या पट्टीला रेडियम म्हणतो, पण स्टिकरच्या दुकानातली बरीच रंगीत पट्टी नुसतं प्लॅस्टिक असते, तिच्यावर गाडीचा उजेड पडला तरी ती परत फेकत नाही. घेण्याआधी पारख करा. अंधारात वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन मोबाईलचा टॉर्च अगदी डोळ्याशेजारी धरा आणि पट्टीवर मारा. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते. टॉर्च डोळ्यापासून हातभर लांब नेला की तीच पट्टी मंद होते, कारण ती उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. ट्रक लांब असताना ट्रकवाल्याचे डोळे आणि त्याचा हेडलाईट जवळपास एकाच रेषेत असतात, म्हणून ती त्याला दिसते. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी लावायची. लावण्याआधी मडगार्डवरचं ऑईल पेट्रोलच्या फडक्याने काढा, पूर्ण वाळू द्या, पट्टीचे कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी उचलतो) आणि गोलाईवर एक लांब पट्टी न ओढता छोटे तुकडे लावा. दोन्ही रिमवर बाजूने तुकडे लावले की आडवं चाललेलं चाक फिरताना लांबूनच कळतं, पांदणीतून (शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेतून) रस्ता ओलांडताना याचा फार उपयोग होतो.

ब्रेक लाईटचं बटण दोन ठिकाणी असतं, पुढच्या लिव्हरजवळ आणि मागच्या पायडलजवळ. मागच्याला बारीक स्प्रिंग असते. ती चिखलाने जाम होते नाहीतर ताणली जाते, आणि मग पाय पूर्ण दाबेपर्यंत लाईट लागत नाही. पायडलची मोकळी चाल संपता संपता लाईट लागला पाहिजे. लागत नसेल तर बटणाची बॉडी एका हाताने धरून प्लॅस्टिकचा नटच फिरवा. बॉडी फिरवली तर वायर पिळून तुटते. पाय कायम पायडलवर ठेवायची सवय असेल तर लाईट सतत जळतो, त्याला अर्थ उरत नाही. उलट, नुसता गिअर उतरवून वेग कमी केला तर ब्रेक लाईट लागतच नाही. मागे गाडी असेल तर ब्रेकला दोन-तीनदा हलकं टेकवा.

पुढच्या बाजूचं थोडक्यात. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनसोबत आपोआप लागतो. त्याआधीच्या गाडीवर तो दिवसाही हाताने लावा. "भाऊ, लाईट चालू हाय" म्हणून कोणी हात हलवला तरी बंद करू नका. स्वस्त एलईडी बल्ब मात्र टाकू नका. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड विस्कटतो, समोरच्याला नुसता पांढरा गोळा दिसतो आणि किती जवळ आलात ते कळत नाही. तसाही सरळ समोरून येणारा एकटा दिवा जागेवरच उभा असल्यासारखा वाटतो. चौकात एखादी गाडी आडवी येण्याच्या तयारीत दिसली तर आपल्या लेनमध्येच थोडं बाजूला सरका. ठिपका सरकला की नजर तिकडे वळते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तूर माणसाच्या डोक्याएवढी वाढते आणि पांदणीची तोंडं झाकली जातात. अशा ठिकाणी अगदी डाव्या कडेने न जाता आपल्या बाजूच्या मध्यावरून चला, म्हणजे पांदणीतून निघणारा ट्रॅक्टरवाला तुम्हाला थोडं आधी बघतो. आणि सकाळ-संध्याकाळ सावलीकडे बघा. आपली सावली लांब पुढे पडली असेल तर सूर्य समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात आहे, आणि लाईट लावूनही तुम्ही त्याला दिसत नसाल. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. भरलेल्या कापसाच्या ट्रॉलीला बऱ्याचदा आरसाच नसतो, तिथे हॉर्न द्या आणि त्याने मान वळवेपर्यंत ओव्हरटेक करू नका.

कपड्यांत भडक नारिंगी किंवा पोपटी रंग दिवसा आणि दिवेलागणीला काम करतो, रात्री नाही. रात्री चंदेरी पट्टीच कामाची, म्हणून दोन्ही असलेलं जॅकेट घ्या. हिरव्या तुरीसमोर पोपटी रंग मिसळून जातो, आपल्याकडे नारिंगीच बरा. काळ्या रेनकोटवर पाठीला एक आडवी पट्टी शिवून घ्या, टाचणीने लावलेली पहिल्याच पावसात निघते.

पंक्चर झालं तर गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या. इंजिन बंद झालं की बहुतेक गाड्यांचा टेल लाईटही विझतो. मग मागच्याला दिसते ती फक्त रेडियमची पट्टी, म्हणून मागची बाजू येणाऱ्या गाड्यांकडे ठेवा आणि स्वतः पट्टीसमोर उभे राहून ती झाकू नका. बॅटरी धड असेल तर किल्ली चालू ठेवून डावा इंडिकेटर लावा, अर्धा तास तो सहज चालतो.