आयत्या वेळचे विषय

लालबाग-परळकडच्या चाळीत वाढलेल्या कोणालाही विचारा, गणपतीचे दिवस सगळ्यांनाच आठवतात, मला मात्र त्याहून जास्त आठवते ती विसर्जनानंतरच्या रविवारची मंडळाची वार्षिक सभा. मांडवाचे बांबू अजून चौकात रचून ठेवलेले असायचे, बाजूला सतरंज्या टाकायच्या, बायका आधी गॅलरीतून वाकून ऐकायच्या आणि मग एकेक जण जिना उतरून खाली येऊन बसायची, माझी आई पण. गरम वडे आले की सभा सुरू.

आधी जमाखर्च. खजिनदार काका एकेक आकडा मोठ्याने वाचायचे, कापूर, सुतळी, भटजींची दक्षिणा, बेंजोवाल्यांचा ॲडव्हान्स, आणि मधेच कोणीतरी उठून विचारायचं, काका नारळ दोनदा कसे लिहिलेत? काका चिडायचे नाहीत, सरळ पावत्यांची फाईल उघडून समोर धरायचे. वर्गणी दिली की विचारायचा हक्क येतो, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी तिथे कळलं.

नववीत असताना, अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली. अजेंड्यावर शेवटची ओळ दरवर्षी तीच, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. खरी सभा तिथून पुढे! वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, गटाराचं झाकण तुटलंय, शाळेच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, हिंदमाताला पाणी भरलं की आपल्या गल्लीत किती वाजता शिरतं, सगळं बाहेर यायचं आणि मी भराभर लिहीत सुटायचे. काका प्रत्येक वेळी एकच सांगायचे, तोंडी बोलून उपयोग नाही, अर्ज लिहा, दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका. पहिल्यांदा महापालिकेच्या एफ साउथ वॉर्ड ऑफिसला मी गेले ती आईबरोबर, दिव्याचा अर्ज घेऊन. आई तोवर तिथे कधी गेलेली नव्हती. शिक्का मारलेला कागद तिने घरी येईपर्यंत हातातच धरला होता, पर्समध्ये घडी पडेल म्हणून.

2015 साली मात्र गणपतीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार ते ठरवणाऱ्या नकाशाचा, मसुदा फेब्रुवारीत आला होता आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. कॉलेजातल्या पोरांनी आमच्या भागाचा नकाशा तुकड्या-तुकड्यात प्रिंट करून आणला, सेलोटेपने जोडला आणि कॅरमबोर्डवर पसरला, मग सगळी चाळ त्यावर ओणवी, ही आपली गल्ली, हा नाका, हे मैदान. ज्या आजींनी आयुष्यभर नकाशा हातात घेतला नव्हता त्या बोट ठेवून सांगत होत्या की इथे पोरं खेळतात, इथे खेळायलाच जागा राहूदे. तेच पत्रात लिहिलं, खाली सह्या, दोन-तीन अंगठे. शहरभरातून हजारोंनी हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला, त्या संध्याकाळी चौकात पेढे वाटले होते, मला ती गडबड अजून लख्ख दिसते. 2016 ला सुधारित मसुदा आला तेव्हा परत बसलो, परत लिहिलं. मंजुरी 2018 ची. दोन्ही पत्रांच्या पोचा वहीला टाचून ठेवल्यात.

नंतर 7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 15 जानेवारी 2026 उजाडलं. जवळजवळ चार वर्षं 227 प्रभागांत कोणाच्या दारात जायचं हाच प्रश्न, मला ते फार लागलं, कारण नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, तो नाक्यावर भेटतो, त्याला हाक मारता येते. त्या वर्षांत आमच्या सभेला गर्दी वाढली. लग्न होऊन ठाण्याला, डोंबिवलीला गेलेल्या मुली सुद्धा त्या रविवारी माहेरी यायच्या, मी पण.

इतिवृत्ताच्या शेवटी 'आभार मानून सभा संपली' असं लिहायची पद्धत आहे. ते लिहून वही मिटली तरी लोक जिन्यावर उभेच, रात्रीचे साडेअकरा, कोणाच्या तरी कडेवर पोर झोपलेलं, आणि खालून काकांचा आवाज, "सोमवारी साडेदहाला माझ्याबरोबर कोण कोण येतंय?"