फलकापुढची पंधरा मिनिटं

आज बऱ्याच वर्षांनी दापोलीच्या आमच्या वनशास्त्र महाविद्यालयात गेले. पाय आपोआप सूचना फलकाकडे वळले. एक मुलगी वहीत तारखा उतरवून घेत होती, खेडची. म्हणाली, "ताई, वनसेवेची परीक्षा आमच्यासारख्यांनी द्यावी का हो?"

मग बोलतच राहिलो. भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते, पण वनसेवेसाठी अर्ज करतानाच तसं नोंदवावं लागतं. ते राहिलं की वर्ष गेलं. मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय, आणि वनशास्त्रासोबत कृषी घेता येत नाही, हे आमच्या वेळी किती जणांना उशिरा कळलं! वय 21 पूर्ण हवं. शिवाय एमपीएससीची वनसेवा आहे, एमएस्सीसाठी आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, प्रवेश परीक्षा आहे, डेहराडूनची वन संशोधन संस्था आहे, भोपाळची वन व्यवस्थापन संस्था आहे. तिने सगळं लिहून घेतलं.

नंतर ती मला रोपवाटिकेत घेऊन गेली. बिवळ्याच्या झाडाची शेंग हातावर ठेवली: रुपयासारखी गोल, कडेने कागदी पंख, मध्ये टणक फुगीर गाठ. किंजळीच्या झाडाचं बी फारच कमी रुजतं, म्हणून तिने बी पेरलेल्या पिशव्या मोजून ठेवल्या होत्या. रोज सकाळी बघते म्हणाली.

मुलांनो, आपापल्या कॉलेजचा फलक आठवड्यातून एकदा तरी वाचा. गावाकडे कुणी बारावी सायन्सला असेल तर बीएस्सी वनशास्त्राबद्दल जरूर सांगा, चार वर्षांचा कोर्स आहे. काही विचारायचं असेल तर मला मेसेज करा, रात्री उशिरा का होईना, उत्तर देईन.