ओव्हरस्टेनंतर अमेरिकेचा स्पाउस व्हिसा: आधी स्वतःची फाइल बघा

लातूर-नांदेडकडची पोरं-पोरी एमएससाठी अमेरिकेला जातात, कुणाचं स्टेटस (तिथं राहायची कायदेशीर परवानगी) मोडतं, मुदतीपेक्षा जास्त राहणं, म्हणजे ओव्हरस्टे होतो, परत यावं लागतं. पुढं लग्न जमतं ते तिथल्याच सिटिझनशी. मग घरात एकच घोर: आता व्हिसा मिळेल का? पुष्कळदा मिळतो. पण आपल्याला नेमकं कोणतं कलम लागतं हे कळेपर्यंत एजंटाच्या हातावर एक रुपया ठेवू नका.

ते कळायला स्वतःची फाइल मागवा. यूएससीआयएसकडं (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) ऑनलाइन एफओआयए, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज केला की ए-फाइल, म्हणजे तुमची इमिग्रेशनची फाइल मिळते. ये-जा केल्याच्या नोंदी सीबीपीकडं (सीमा तपासणी खातं) वेगळ्या मागाव्या लागतात. दोन्ही अर्ज इथं बसून होतात. अटक झाली असेल तर एफबीआयची नोंदही काढा. फी १८ डॉलर, बोटांचे ठसे द्यावे लागतात.

मग दिवस मोजा. आय-९४ वरची (अमेरिकेत शिरताना मिळणारी राहण्याच्या मुदतीची नोंद) तारीख उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत राहून स्वतःहून निघालात तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं. ही बंदी देश सोडल्या दिवसापासून धरतात. वय १८ व्हायच्या आधीचे दिवस मोजत नाहीत. विद्यार्थ्यांचं गणित वेगळं आहे: आय-९४ वर तारखेच्या जागी ‘डी/एस’ (म्हणजे स्टेटस आहे तोवर) असेल, तर कॉलेज सुटलं म्हणून हे दिवस आपोआप सुरू होत नाहीत. यूएससीआयएसनं किंवा इमिग्रेशन जज्जानं स्टेटस मोडल्याचा निर्णय दिला, तिथून पुढं धरतात. कित्येक जण मुळात नसलेल्या बंदीच्या धास्तीनं अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

परवानगीशिवाय काम केलं, एवढ्यावरून वकिलातीत स्पाउस व्हिसा अडत नाही. अडतो तो त्या कामासाठी भरलेल्या आय-९ फॉर्मवर (नोकरीला लागताना मालकाकडं भरायचा). ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत टिक केली असेल तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा होतो आणि त्याला वेव्हर, म्हणजे माफी नाही. आधी ग्रीनकार्डसाठी खोटं लग्न केल्याचं सिद्ध झालं असेल, तर आताचं लग्न कितीही खरं असलं तरी जोडीदारानं तुमच्यासाठी भरलेलं पिटिशन मंजूर होत नाही. अशा केसमध्ये थेट अमेरिकेतला इमिग्रेशन वकील गाठा.

नुसता ओव्हरस्टे असेल तर आय-६०१ वेव्हर आहे. त्यात बघतात तो सिटिझन किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराला, किंवा अर्जदाराच्या तशा आईवडिलांना होणारा कमालीचा त्रास. तुमचा स्वतःचा त्रास यात धरत नाहीत. या बंदीसाठी लेकराबाळांचाही थेट नाही, त्यातून जोडीदारावर काय बेततं तेवढंच बघतात. ‘एकटं वाटतं’ एवढ्या पत्रानं काही होत नाही. डॉक्टरच्या पत्रात आजाराचं नाव, औषधं, तपासणीला किती वेळा जावं लागतं आणि कोण नेतं, हे सगळं पाहिजे. जोडीदार भारतात आला तर काय, तेही लिहा: किनवट किंवा भोकरदनच्या घरापासून त्या आजाराचा तज्ज्ञ कुठं आहे, तिथं नोकरी कोणती मिळेल, मराठी येतं का. दुष्काळाची, टँकरची कात्रणं गठ्ठ्यानं जोडतात. ज्याचा त्रास दाखवायचा त्या माणसाशी त्यांचा संबंध दाखवला नाही तर ती रद्दीच.

कागदांत लग्नाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीचं, नगर परिषदेचं किंवा महापालिकेचं पाहिजे, मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. जन्माची नोंद नसेल तर नुसती टीसी पुरत नाही. नोंद नसल्याचा दाखलाही काढा. मराठी कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

नवा पासपोर्ट काढला की जुनं दिसत नाही, असं सांगणारे एजंट आहेत. ठसे तेच असतात. डीएस-२६० मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) जुना ओव्हरस्टे लपवला तर फसवणुकीचं कलम लागतं. त्याला मुदत नाही, म्हणजे ३ वर्षांची बंदी जन्माची होऊन बसते.

क्रम असा: आय-१३० (जोडीदारानं भरायचं पिटिशन) मंजूर, मग डीएस-२६०, मग मुंबईत मुलाखत. तिथं नकाराचा कागद मिळाल्यावर आय-६०१ भरायचा. त्या कागदावरचं प्रत्येक कलम वाचा. ओव्हरस्टेसोबत फसवणुकीचंही कलम असेल, तर एकाच फॉर्ममध्ये दोन्हींसाठी माफी मागायची असते.